नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मराठीत 'नाव ठेवणं' म्हणजे नामकरण करणं आणि 'नावं ठेवणं' म्हणजे खोड काढणं. दोहोंत फरक फक्त एका अनुस्वाराचा. जगातल्या जनसमूहांची नावं कुठून आली हे शोधायला बसलं की हा अनुस्वार सारखा आठवत राहतो. बहुतेक समूहांना निदान दोन नावं असतात. एक ते स्वतःला लावतात ते आणि दुसरं शेजाऱ्यांनी, जेत्यांनी, व्यापाऱ्यांनी किंवा सरकारी कारकुनांनी लावलेलं. पहिल्याला स्वनाम म्हणू, दुसऱ्याला परनाम. नकाशांत, बातम्यांत आणि पाठ्यपुस्तकांत आपल्यापर्यंत पोचतं ते बहुतेकदा परनाम, आणि त्यात ठेवणाऱ्याची नजर मुरलेली असते.

जर्मनांचंच घ्या. ते स्वतःला 'डॉइच' म्हणतात. जुन्या जर्मनमध्ये 'लोक' या अर्थाचा एक शब्द होता, त्यापासून हा तयार झाला. सुरुवातीला तो माणसांसाठी नव्हताच, भाषेसाठी होता: चर्चमधली लॅटिन सोडून साधी माणसं जी बोलतात ती 'लोकांची बोली'. पुढे बोलीचं नाव बोलणाऱ्यांना चिकटलं. पण शेजाऱ्यांना याचं काय? फ्रेंचांच्या सीमेला लागून आलेमानी नावाची टोळी होती, म्हणून फ्रेंचांनी सगळ्याच जर्मनांना त्या टोळीचं नाव दिलं. तुर्की आणि फारसीतला 'आलमान' तिथलाच. फिनलंडच्या लोकांची गाठ पडली सॅक्सनांशी, म्हणून फिनिश भाषेत जर्मनी म्हणजे 'साक्सा'. ज्युलियस सीझरनं ऱ्हाइन नदीपलीकडच्या नाना टोळ्यांना सरसकट 'गेर्मानी' म्हटलं, तो शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला. इंग्रजांनी 'डॉइच'चं 'डच' केलं आणि ते नाव शेवटी नेदरलंड्सच्या लोकांकडे गेलं. या सगळ्या नावांवरून जर्मन माणसाबद्दल फारसं काही हाती लागत नाही. कोणाची त्याच्याशी पहिली गाठ कुठे पडली, तेवढं मात्र नेमकं कळतं.

आपली भाषाही याच वाटेनं गेली आहे. इराणी लोकांना ग्रीकांपैकी आधी भेटले ते आयोनियाचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, म्हणून जुन्या फारसीत ग्रीक म्हणजे 'यौना'. संस्कृतात त्याचं 'यवन' झालं. पाणिनीच्या व्याकरणातही हा शब्द आहे. मग पश्चिमेकडून जो येईल तो यवन, आणि मराठी बखरींच्या काळापर्यंत त्या शब्दाचा ग्रीकांशी संबंध उरलाच नव्हता. 'फिरंगी'चं तसंच. फ्रँक ही एक जर्मानिक टोळी. तिच्यावरून फ्रान्सला नाव मिळालं, अरबांनी ते पश्चिम युरोपातल्या सगळ्यांना लावलं, फारसीतून ते इकडे आलं आणि मराठीत ते मुख्यतः पोर्तुगीजांचं झालं. त्याच पोर्तुगीजांच्या तोंडचे शब्द ऐकून आपण 'इंग्रज' आणि 'वलंदेज' म्हणायला लागलो. आणि ग्रीक? ते स्वतःला 'एलिनेस' म्हणतात. 'ग्रीक' हे रोमनांनी दिलेलं नाव. मध्ये कित्येक शतकं तर ते स्वतःला 'रोमेई', म्हणजे रोमन, म्हणवत होते. स्वनामही बदलतं, हे लक्षात ठेवायला हवं. ते अनादी काळापासून तसंच चालत आलंय असं मानणं बरोबर नाही.

परनामांत एक प्रकार मला सगळ्यात बोलका वाटतो: समोरच्याची भाषा कळत नाही, म्हणून त्याला भाषाच नाही असं ठरवणारी नावं. ग्रीकांना परक्यांचं बोलणं 'बर-बर' ऐकू यायचं, म्हणून ते 'बार्बारोस'. संस्कृतातही 'बर्बर' आहेच. पतंजलीच्या महाभाष्यात असुरांची गोष्ट येते. त्यांना म्हणायचं होतं 'हे अरयः', म्हणजे 'हे शत्रूंनो', पण त्यांच्या तोंडून निघालं 'हेलयो हेलयः', आणि म्हणून ते हरले. 'र'चा 'ल' झाला एवढाच त्यांचा दोष, आणि अशा अशुद्ध बोलण्याचं नाव 'म्लेच्छ'. रशियन आणि पोलिश भाषांत जर्मनांसाठी जो शब्द आहे त्याचं मूळ 'मुका' या अर्थाच्या शब्दात आहे. उलट स्लाव्ह हे स्वनाम 'शब्द' या अर्थाच्या 'स्लोवो'पासून आलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे आम्ही बोलणारे आणि पलीकडचे मुके. याच स्लाव्ह नावाच्या वाट्याला पुढे काय आलं ते वाचताना अंगावर काटा येतो. मध्ययुगात युरोपच्या बाजारांत इतके स्लाव्ह गुलाम म्हणून विकले गेले की गुलामासाठीचा इंग्रजी शब्द 'स्लेव्ह' त्यांच्या नावावरूनच पडला.

ग्रीकांचा तो 'बर्बर' आजही एका समूहाच्या माथी आहे. उत्तर आफ्रिकेतले ज्यांना आपण 'बर्बर' म्हणतो ते स्वतःला 'अमाझिग' म्हणतात, अनेकवचनी 'इमाझिगेन'. त्याचा अर्थ सहसा 'मुक्त माणसं' असा सांगितला जातो. त्यांच्या भाषेला मोरोक्कोच्या राज्यघटनेत 2011 साली आणि अल्जीरियाच्या घटनेत 2016 साली अधिकृत दर्जा मिळाला, तो 'अमाझिग' या नावानं. 'बर्बर' या नावानं तो मागायला गेलं असतं तर मागण्याआधीच हार झाली असती.

वेल्श लोकांची गोष्ट तशी लहानशी आहे, पण चटका लावणारी. जुन्या इंग्रजीत 'वेआल्ह' म्हणजे परका. बाहेरून ब्रिटनमध्ये आलेल्या अँग्लो-सॅक्सनांनी तिथे आधीपासून राहणाऱ्यांना 'परके' म्हटलं आणि तेच 'वेल्श' झालं. ते स्वतःला 'कम्री' म्हणतात. अर्थ: एका भूमीतले सोबती.

आता स्वनामांकडे. जगभरची स्वनामं पाहिली तर एक अर्थ पुन्हा पुन्हा भेटतो: 'माणूस'. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट म्हणजे माणसं, उत्तर जपानमधले ऐनू म्हणजे माणूस, अमेरिकेतल्या नवाहोंचं स्वनाम 'दिने' म्हणजे लोक. चिलीतले मापुचे म्हणजे भूमीची माणसं. आफ्रिकेतल्या कितीतरी भाषांत 'बांटू'सारखा शब्द माणसांसाठी आहे. एकोणिसाव्या शतकात भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्लीक यानं तो उचलून त्या भाषाकुळाला दिला. पुष्कळजण यात अहंकार पाहतात: म्हणजे बाकीचे माणसं नाहीत की काय? मला ते पटत नाही. दुसरा कोणी समोर येईपर्यंत स्वतःला वेगळं नाव लागतच नाही, 'आपली माणसं' एवढं पुरतं. न्यूझीलंडच्या माओरींचं उदाहरण याला पुरावा म्हणून चालेल. 'माओरी' म्हणजे साधं, नेहमीचं. युरोपीय जहाजं येईपर्यंत तिथे लोक आपापल्या इवीच्या, म्हणजे कुळसमूहाच्या, नावानं ओळखले जात. वेगळ्या रंगाची, वेगळ्या पोशाखाची माणसं किनाऱ्यावर उतरल्यावर 'आम्ही नेहमीची माणसं' असं सांगायची वेळ आली आणि त्या विशेषणाचं नाव झालं.

काही नावं निव्वळ गैरसमजातून पडली आणि दुरुस्त करायला कोणी आलंच नाही. 1492 साली कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर उतरला आणि आपण आशियात, इंडीजमध्ये पोचलो असं समजून तिथल्या माणसांना 'इंडियन' म्हणाला. सिंधू नदीचं नाव इराणी तोंडात 'हिंदू' झालं, ग्रीकांनी त्यातला 'ह' गाळला, आणि तिथून निघालेला शब्द समुद्रापार अशा लोकांना जाऊन चिकटला ज्यांनी सिंधूचं नावही ऐकलं नव्हतं.

दुसरी चूक याच्या अगदी उलट आहे, आणि मराठी वाचकानं ती जरा जवळून पाहावी असं मला मनापासून वाटतं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम युरोपात भटक्या लोकांचे तांडे दिसू लागले. ते इजिप्तचे असावेत असा समज पसरला आणि 'इजिप्शियन'चं 'जिप्सी' झालं. जर्मनीत त्यांना 'त्सिगॉयनर' म्हणत. त्याचं मूळ बायझंटाइन ग्रीकमधल्या एका पाखंडी मानलेल्या पंथाच्या नावात आहे, आणि त्याचा अर्थ 'शिवू नये असे'. हे लोक स्वतःला 'रोम' म्हणतात, अनेकवचनी 'रोमा'. रोम म्हणजे त्यांच्या भाषेत पुरुष, नवरा. इटलीतल्या रोम शहराशी याचा काही संबंध नाही. 1782 साली योहान र्‍यूडिगर या जर्मन अभ्यासकानं त्यांची भाषा भारतीय भाषांशी ताडून पाहिली आणि मूळ भारतात आहे असं मांडलं. ते ताडून पाहायला आपल्याला अभ्यासकही लागत नाही. रोमानी भाषेत कानाला 'कान' म्हणतात, नाकाला 'नख', पाण्याला 'पानी', माणसाला 'मनुश', काळ्याला 'कालो', दोनाला 'दुइ'. हजार वर्षं परमुलखात हिंडूनही हे शब्द त्यांनी टाकले नाहीत, आणि जग त्यांना इजिप्तचे म्हणत राहिलं.

'त्सिगॉयनर'चं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. नाझींनी त्याच शब्दाखाली त्यांच्या याद्या केल्या. आउश्वित्झमध्ये त्यांच्या हातावर जो क्रमांक गोंदला जाई, त्याच्या आधी या शब्दाचं आद्याक्षर 'झेड' असे. किमान अडीच लाख रोमा आणि सिंती (याच लोकांचा जर्मनीत रुजलेला एक समूह) मारले गेले असा अंदाज आहे. एप्रिल 1971 मध्ये लंडनजवळ पहिली जागतिक रोमानी परिषद भरली आणि तिथे इतर सगळी नावं बाजूला ठेवून 'रोमा' हे नाव ठरलं. तरी गुंता संपला नाही. जर्मनीतल्या बऱ्याच सिंतींना 'रोमा'मध्ये मोजलेलं आवडत नाही, म्हणून तिथे 'सिंती आणि रोमा' अशी जोडी लिहितात. ब्रिटनमध्ये काही कुटुंबं आजही 'जिप्सी' हेच नाव अभिमानानं लावतात.

असाच गुंता 'एस्किमो'चा. लहानपणी आम्ही बर्फाच्या घराचं चित्र काढून त्याखाली हाच शब्द लिहिला आणि त्यात काही वावगं आहे हे कोणी सांगितलं नाही. त्याचा अर्थ 'कच्चं मांस खाणारे' असा असल्याचं सर्वत्र छापलं जातं. आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना ही व्युत्पत्ती पटत नाही. शेजारच्या इनू लोकांच्या (हे इन्युइट नव्हेत, वेगळे) भाषेत बर्फावर चालायच्या जाळीदार पादत्राणांची जाळी विणणाऱ्याला जो शब्द आहे, त्यातून तो आला असावा, असं ते मानतात. मग शब्द निर्दोष ठरला का? इथे थोडं थांबू, कारण नावांच्या चर्चेत सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. व्युत्पत्ती म्हणजे शब्द कुठून आला, आणि वापर म्हणजे तो कुठल्या सुरात उच्चारला गेला. ज्याला दीड-दोनशे वर्षं हा शब्द तुच्छतेनं ऐकावा लागला, त्याला मुळात तो विणकामाचा शब्द होता हे सांगून काय साधणार? 1977 साली ध्रुवीय प्रदेशातल्या प्रतिनिधींनी आपली संघटना उभारली ती 'इन्युइट' या नावानं. कॅनडातल्या एडमंटनच्या फुटबॉल संघानंही 2020 साली आपल्या नावातला 'एस्किमो' काढला. मात्र 'इन्युइट' हा जुन्या शब्दाचा थेट बदली शब्द नाही. अलास्कातले युपिक स्वतःला इन्युइट मानत नाहीत. त्यांचं नाव युपिकच, आणि त्याचा अर्थही 'खरी माणसं'.

नाव सरकारी यादीत शिरलं की त्याला वेगळंच वजन येतं. चीनमध्ये 1953–54च्या नोंदणीत लोकांनी आपल्या समूहांची 400हून अधिक नावं सांगितली. सरकारी अभ्यासगटांनी ती एकत्र करत, गाळत आणली, आणि 1979 साली जिनो समूहाला मान्यता मिळाल्यावर यादी 56वर थांबली. त्यातल्या च्वांग समूहाच्या नावाचं चिनी अक्षर पाहण्यासारखं आहे. चिनी लिपीत अक्षराच्या एका बाजूला अर्थ सुचवणारी खूण असते. च्वांगांच्या जुन्या अक्षराला कुत्र्याची खूण होती. म्हणजे नाव उच्चारताना काही कळत नसे, पण लिहिताना दरवेळी कुत्रं उमटत असे. पुढे ती खूण काढून तिथे माणसाची बसवली, तर नवं अक्षर 'पोरगा नोकर' या शब्दाचंही निघालं. 1965 साली तेही बदलून 'धडधाकट, बळकट' या अर्थाचं अक्षर दिलं गेलं. एका उच्चाराची तीन अक्षरं, आणि त्या तीन अक्षरांत कुत्रा, नोकर, माणूस हा सगळा प्रवास.

भारतातही हे घडलं आहे, आणि तेही आत्ता. अरुणाचल प्रदेशातल्या न्यिशी लोकांचं नाव अनुसूचित जमातींच्या यादीत 'दफला' असं होतं, जे त्यांना अपमानकारक वाटे. संसदेनं 2008 साली कायदा करून ते बदललं. 'अबोर', म्हणजे असमियात न जुमानणारा, न वाकणारा. इंग्रजांच्या कागदांतून आलेलं हे नाव स्वतःला आदी म्हणवणाऱ्यांच्या माथी होतं आणि यादीत 2021पर्यंत टिकलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आणखी एक नोंद बदलली. यादीत लिहिलं होतं 'कोणतीही नागा जमात'. एखाद्याच्या ओळखपत्रावर 'कोणीतरी' लिहावं तसं हे. तिथे आता चार नावं आहेत: नोक्टे, तांगसा, तुत्सा, वांचो.

यादीनं माणसाचा जीव जाऊ शकतो हे रवांडानं पाहिलं. हुतू आणि तुत्सी ही नावं बेल्जियनांच्या आधीपासून होती, पण त्यांच्यातली सीमा पुष्कळशी सैल होती. 1930च्या दशकात बेल्जियन प्रशासनानं ओळखपत्रं काढली आणि प्रत्येकाच्या कार्डावर एकच शब्द कायमचा लिहिला. 1994च्या नरसंहारात रस्त्यारस्त्यांवरच्या नाक्यांवर हीच कार्डं तपासली गेली. त्यानंतरच्या ओळखपत्रांवर हा रकानाच ठेवलेला नाही.

मग चांगलं नाव शोधून एकदाचं लावलं की झालं का? इतकं सोपं नाही. अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची एक प्रमुख संघटना 1909 साली स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात 'कलर्ड' हा शब्द सभ्य म्हणून घातला होता. मग 'नीग्रो' सभ्य ठरला. त्याचं पहिलं अक्षर मोठं छापा म्हणून कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस आणि इतरांनी आग्रह धरला आणि न्यूयॉर्क टाइम्सनं 1930 साली ते मान्य केलं. 1960च्या दशकात तरुणांनी 'नीग्रो' टाकून 'ब्लॅक' उचललं, 1988पासून जेसी जॅक्सन यांच्या आवाहनानंतर 'आफ्रिकन अमेरिकन' रुळलं, आणि 2020 साली 'ब्लॅक'चं पहिलं अक्षर मोठं करायची लाट आली. डुबॉईस यांना 1928 साली एका शाळकरी मुलानं पत्र लिहून 'नीग्रो' शब्दाबद्दल तक्रार केली होती. नाव म्हणजे वस्तू नव्हे, नाव बदलल्यानं तिरस्कार जात नाही, असं त्यांनी त्याला समजावलं. मला डुबॉईस पटतात आणि तो मुलगाही पटतो. तिरस्कार शिल्लक असेल तर तो नव्या नावातही झिरपतो हे खरंच, पण रोज त्या नावानं हाक ऐकणाऱ्याला थांबायला सांगणं सोपं नाही.

जपानमधल्या ऐनूंच्या बाबतीत तर स्वनामच शिवीसारखं वापरलं गेलं. 1899च्या कायद्यात त्यांना 'पूर्वीचे आदिवासी' म्हटलं होतं. रोजच्या व्यवहारात 'ऐनू' हा शब्द टोचण्यासाठी इतका वापरला जाई की त्यांच्या होक्काइडोतल्या संघटनेनं 1961 साली नावातून तो काढून 'उतारी' घातला, म्हणजे सोबती. आपलंच नाव, ज्याचा अर्थ माणूस, ते उच्चारायची चोरी! जुना कायदा 1997 साली रद्द झाला. 2009 साली संघटनेनं 'ऐनू' हे नाव परत घेतलं, आणि 2019च्या कायद्यानं त्यांना मूळनिवासी म्हणून मान्यता दिली.

लिहिणाऱ्या-बोलणाऱ्याला यातून व्यवहारात काय घेता येईल? त्या लोकांच्या आजच्या संस्था, वृत्तपत्रं स्वतःला काय म्हणतात ते आधी पाहावं. जितकं नेमकं नाव घेता येईल तितकं घ्यावं: 'अमेरिकन इंडियन' म्हणण्यापेक्षा दिने किंवा मापुचे म्हणावं. जुन्या कागदपत्रांतलं नाव मात्र बदलू नये, ते अवतरणात जसंच्या तसं ठेवावं. तुच्छतेचा पुरावाच आपण पुसला, तर तुच्छता होती हे पुढे कोणाला सांगणार? घरच्या माणसानं स्वतःला लावलेलं नाव बाहेरच्यानं लावलं की त्याचा सूर बदलतो, हेही विसरू नये.

आणि लोकांनी परनाम टाकलं नाही तर त्यांना अडाणी समजू नये. अमेरिकेतल्या एका मूळनिवासी समूहाचं 'सू' हे नाव शेजारच्या ओजिब्वे लोकांच्या शब्दावरून आलेल्या फ्रेंच नावाची शेपटी आहे. ते लोक स्वतःला लकोटा, डकोटा म्हणतात, म्हणजे स्नेही. तरीही साउथ डकोटा राज्यातल्या पाइन रिज इथल्या त्यांच्या सरकारचं अधिकृत नाव 'ओग्लाला सू ट्राइब' असंच आहे. 1868 साली फोर्ट लॅरमीला अमेरिकेनं जो करार केला, त्यात ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख ज्यांना कायमचा दिला, त्यांचं नाव 'सू' असं लिहिलं आहे. तिथे सोनं सापडलं आणि 1877 साली तो मुलूख काढून घेतला गेला. 1980 साली सर्वोच्च न्यायालयानं ती बळजबरी मान्य करून दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई कायम केली. त्या खटल्यातही त्यांचं नाव 'सू राष्ट्र' असंच आहे. त्यांनी पैसे अजून घेतलेले नाहीत. त्यांना डोंगर हवेत, आणि डोंगरांवरचा हक्क त्या कागदावर त्याच नावानं लिहिलेला आहे.